तापलेली मोटार आन् सायरबाईचं मौन

जालन्याची शेवटची जिनिंग मागं पडली आन् मोटारीनं पह्यली उचकी दिली. मी मिश्रीलालकडं पाह्यलं न्हाई. त्यानं माझ्याकडं पाह्यलं.

"भुजंग, काय झालं?"

"काय न्हाई. कुणीतरी आठवण काढली असंल तिची."

मागच्या शिटावर त्याची माय सायरबाई बसल्या व्हत्या, ओढणी कपाळाच्या खाली ओढून. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर मागून टोला ठरलेला. "भुजंग्या, देवानं तुला तोंड देलं, झाकण द्यायचं इसरला." आज एक न्हाई का दोन न्हाई. आज त्यांचं मौन व्हतं.

त्याचं असं झालं व्हतं. सायरबाईची थोरली बहीण, पानबाई, मंठ्याला देलेली. तिनं संथारा घेतला व्हता. जैनांत म्हाताऱ्या माणसाला वाटलं का आता आपलं झालं, तर ते गुरूला इचारून अन्नपाणी सोडतं आन् शांतपणानं पडून राह्यतं. कुणी रडायचं न्हाई, मागं वढायचं न्हाई. या दोघी बहिणींचा अबोला पार मिश्रीलालच्या लग्नापासूनचा. नवरदेवाला पह्यला टिळा मावशीनं लावायचा का आत्यानं, एवढ्यावरून. पानबाई भरल्या ताटावरून उठून मंठ्याला गेली, ती पुन्हा जालन्याला आली न्हाई.

पर्युषण संपलं का हे लोक सालभराच्या चुकांची एकमेकाला माफी मागतात. खमतखामणा म्हणतात त्याला. सायरबाई तर घरच्या गड्याची मागायच्या, म्हशीची मागायच्या, माझी सुदिक मागायच्या. माझी म्हणजे बघा. त्यांच्या उपासाच्या दिशी दारात भजेवाला आणून उभा करणारा मी. मंठ्याला मात्र कव्हा माफीचं कार्ड गेलं न्हाई. मंठ्याहून बी आलं न्हाई.

आदल्या सांजच्या सर्व्हिस मोटारीनं मंठ्याचा माणूस आल्ता. निरोप एवढाच: "सायरला म्हणावं, येत असंल तर ये. मी काय थांबणार न्हाई."

सायरबाईनं हातातलं निवडायचं सूप खाली ठेवलं, हात जोडले आन् नेम घेतला. आता तोंड उघडंल ते जीजीपाशी, म्हणजे थोरल्या बहिणीपाशी. पाणी प्यायचं ते बी जीजीपाशी. तिथून त्यांचं बोलणं बंद आन् पाणी बंद.

आन् महिना वैशाखाचा.

रेल्वे मंठ्याला जात न्हाई. सर्व्हिस मोटार दुपारून सुटायची, ती सांजला पोचती. मंठ्याचा माणूस म्हणून गेल्ता का बाईचं काय सांगता येत न्हाई, जल्दी करा. म्हणून मिश्रीलालची ही मोटार काढली. लढाईच्या आधीची. पोलीस ॲक्शनच्या वख्ताला एका जागीरदारानं कडब्याच्या गंजीत लपवली व्हती, मंग मिश्रीलालनं घेतली. त्याला ती पुसता येती. चालवायला मी. सरकीच्या लाऱ्या हाकून माझी उमर गेली, तवा मोटारीची नाडी थोडीफार कळती.

दुसरी उचकी आली. मंग तिसरी. चढावर तर मिसिंग मारू लागली, म्हणजे चार बैलांपैकी एकानं मान काढून घ्यावी तसं. आन् बॉनेटमधून गरम लोखंडाचा वास.

मी झाडाखाली घेतली.

"काहून थांबलास?" मिश्रीलाल म्हणला.

"मुतायला."

"खरं सांग."

"तापून राह्यली. बस तू."

बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा बराबर. तेल बराबर. फडकं धरून रेडेटरचं झाकण जरा सैल केलं, फुस्स झालं, मंग काढलं. पाणी तोंडाशी दिसत व्हतं. तांब्याभर वतलं तर निम्मं बाहेर. म्हणलं, पाणी तर भरपूर हाय. मंग पेचकस घेतला, एकेका प्लगची ठिणगी पाह्यली. चारी प्लग टणटणीत. तवर विंजन जरा निवलं, आन् हँडल मारलं तर मोटार अशी गोड बोलू लागली जशी सासरहून आलेली लेक.

"दुरुस्त झाली?" मिश्रीलालनं इचारलं.

"बिलकुल. माझा हात लागला ना."

खरं तर मी काहीच केलं नव्हतं. आन् तेच मला खटकून राह्यलं व्हतं. गार असली का नीट, तापली का उचकी. म्हणजे प्लगचा आजार न्हाई, कार्बोरेटरचा न्हाई. आजार तापाचा. मोटारीला ताप चढला का पेट्रोल नळीतच उकळतं, मंग उचक्या. पण पाणी भरलेलं, पंखा फिरतोय, मंग ताप कशाचा?

दोन-तीन कोस गेलो आन् पुन्हा तेच. आता तर झाकणापासून वाफ. ऊन वर आलं व्हतं, रस्त्यावर कुत्रं न्हाई. मी मागं पाह्यलं. सायरबाईचे डोळे मिटलेले, व्हट पांढरे पडलेले, आन् बोटं माळेवर चालू. मधीच बोटं थांबली. मी गाडी हाकायची सोडून त्या बोटांकडंच पाह्यत राह्यलो. पुन्हा चालू झाली.

"माय, एक घोट घे," मिश्रीलाल म्हणला. "महाराजसाहेबाला मी सांगतो. आजारपणात चालतं."

त्यांनी तोंड फिरवलं.

वाटंतलं वाटूर गाव अजून पुढं व्हतं. रस्त्याच्या कडंला एक मोट दिसली, मी मोटार तिथंच लावली. लावली कशाची, तीच मेली. वाफेचा असा लोट उठला का मोटंचे बैल उधळले.

मोटंवरचा माणूस वरडतच आला. रखमाजी नाव त्याचं, हे मागून कळलं. मागं त्याची बायको साळूबाई, डोक्यावर पदर गुंडाळून.

"माझे बैल हिरीत घालता का?"

आता अशा वख्ताला माणसाला कामाला लावायचं तर खरं सांगून उपेग न्हाई. मी त्याला बाजूला घेतलं आन् हळूच म्हणलं, "हळू बोला. मागं तहसीलदारसाहेबाची मातोश्री बसली. कुणाच्या हिरीला पाणी किती, ते पाह्यत निघाली."

रखमाजीनं आत डोकावून पाह्यलं. "मागल्या महिन्यात बी एक तहसीलदाराची माय आल्ती. दोन कोंबड्या घेऊन गेली."

"ही कोंबड्या खात न्हाई."

"ते दिसून राह्यलं. मारवाड्याची हाय. तोंडाला फेस आलाय तिच्या, आन् तुम्ही मस्करी करून राह्यले. साळे, तांब्या आण."

साळूबाईनं तांब्या आणला. सायरबाईनं हात जोडले, घेतला न्हाई. मिश्रीलालनं नेम सांगितला, बहिणीचं सांगितलं. साळूबाईनं पदर वला केला आन् सायरबाईच्या पायावरून फिरवू लागली. त्याला त्यांनी न्हाई म्हणलं न्हाई.

"वाटूरला मिस्त्री हाय का?" मी रखमाजीला इचारलं.

"लव्हार हाय. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतो. चढवायची का?"

मी झाकणावर वला बारदाना टाकला आन् फिरवलं. निवंपर्यंत थांबायला पाह्यजे व्हतं, पण धीर कुठला. उकळतं पाणी उसळलं, मनगट भाजलं. आई आठवली, पण मुकाट राह्यलो, कारण मिश्रीलाल माझ्या तोंडाकडं पाह्यत व्हता.

वाफ जिरली तशी रखमाजीनं बादली आणली. तापल्या विंजनात एकदम गार पाणी घातलं का लोखंड तडकतं, म्हणून थेंब थेंब घालू लागलो. आन् हितं मला पह्यल्यांदा चमकलं. एवढं पाणी उसळून गेलं, रस्त्यात वाफ होऊन गेलं, आन् ही बया तांब्याभरात पुन्हा तोंडापर्यंत भरली. पाणी वरच उभं. खाली उतरंना.

मी खाली वाकून हात लावला. वरचा नळ असा का हात ठेववंना. खालचा नळ म्हशीच्या नाकासारखा गार. म्हणजे वरचं पाणी खाली येतच न्हाई. या जुन्या मोटारीला पाणी फिरवायचा पंप नसतो. गरम पाणी आपलं आपण वर चढतं, जाळीतून निवत खाली उतरतं. हिचं उतरणंच बंद पडलेलं. विंजन तेच ते पाणी उकळत बसलं व्हतं.

खाऱ्या पाण्यानं जाळी चोंदली असंल, मला वाटलं. तसं असंल तर रेडेटर खोलायचा, जालन्याला न्यायचा, भट्टीवर साफ करायचा. म्हणजे आजचा दिवस गेला. म्हणजे पानबाई गेली.

"मिश्रीलाल," मी म्हणलं, "जाळी चोंदल्यावानी वाटती. हितं काय होणार न्हाई."

तो तिथंच शेताच्या धुऱ्यावर बसला. "तू मस्करी करत न्हाईस. म्हणजे खपलं."

रखमाजी म्हणला, "माझी गाडी जोडू का? वाटूरपर्यंत सोडतो, तिथून दुसरी बघा."

"बैलगाडीत? ह्या उन्हात?" साळूबाई म्हणली. "मंठ्याला पोचायच्या आधी हीच जाईल. हात पाह्य तिचा, कसा तापून राह्यला."

मिश्रीलाल उठला, बसला, पुन्हा उठला. "जोडा. जोडा गाडी. न्हाई, थांबा." मंग मायपाशी जाऊन बसला आन् त्यांचा हात घेऊन रडायच्या बेतात आला. "माय, घरी परत जाऊ का मंठ्याला जाऊ, तूच सांग. मान तरी हालव."

सायरबाईनं मान हालवली न्हाई. त्या मोटारीतून उतरू लागल्या. साळूबाईनं धरलं. तशा लटपटत त्या रेडेटरपाशी आल्या आन् माझ्या हातातली बादली त्यांनी दोन्ही हातांनी धरली. मंग दोन्ही हात असे पसरले, चिमटीत काहीतरी ताणून धरल्यावानी, आन् बादलीवर धरले.

"कळलं," मिश्रीलाल म्हणला. "पाणी गाळून घाल म्हणती. इनगाळलं पाणी उकळलं तर त्यातले जीव मरतात ना. गळणं पाह्यजे."

हे त्यांच्याकडं हायेच. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याबिगर चुलीवर जात न्हाई. उरलेला गाळ सुदिक ज्या हिरीचा त्या हिरीत परत. पण मोटारीला?

"सायरबाई," मी म्हणलं, "मोटार जैन न्हाई वो. चालतंय तिला."

त्यांनी माझ्याकडं असं पाह्यलं का बोलता येत असतं तर माझी सात पिढ्यांची वासलात लागली असती. पुन्हा हात पसरले. पुन्हा चिमटीत काहीतरी धरलं. साळूबाईनं घाईनं आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून आणला, पाणी गाळू लागली. सायरबाईनं तो तुकडा हिसकून घेतला. रेडेटरच्या तोंडावर पसरला. त्याच्यावर हातानं पाणी वतल्यावानी केलं. मंग तुकड्याची मूठ केली आन् रेडेटरच्या तोंडावर दाबली, आत ढकलल्यावानी. आन् उभ्या राह्यल्या. मूठ तिथंच, डोळे माझ्यावर.

मी बादली खाली ठेवली.

"मिश्रीलाल, सकाळी पाणी कुणी भरलं?"

"तूच न्हाई का?"

"मी आलो तवा भरलेलं व्हतं. मला वाटलं तू."

आम्ही दोघं सायरबाईकडं वळलो. त्यांनी मान खाली घातली.

आता उलगडा झाला. म्हातारी पहाटं आमच्या आधी उठली. मंठ्याला जायचं तर वाटंत आपल्यापायी जीवहत्या नको, म्हणून रेडेटरच्या तोंडावर गळणं धरून तिनं सोताच्या हातानं पाणी भरलं. अंधार, एकटीचे हात, ते फडकं आत सटकलं. आत हात जाईना. सांगावं तर मौन. तोंड उघडलं तर पह्यला शब्द बहिणीचा राह्यत न्हाई. आन् तिला बी काय ठावं का फडक्यानं मोटार मरती. मोटार मरून राह्यली तसं तिला कळत गेलं असंल. मागल्या शिटावर बसून, माळ वढत, ती एवढ्या वाटंत काय सोसत आली, ते मला त्या मुठीकडं पाहून कळलं.

"तार," मी म्हणलं. "कसली बी तार."

रखमाजीनं बादलीची कडीच उपसून देली. तिचं टोक दगडावर ठोकून आकडा केला. पाणी तापलेलं, आत काय दिसंना, गंजानं सगळं तांबडं. आकडा घातला का टक् टक् जाळीला लागायचा. जाळी फुटली तर संपलं, पाणी थांबणारच न्हाई. म्हणून कानात काडी घालावी तसा हलक्या हातानं फिरवू लागलो. मागं रखमाजीचे बैल फुरफुरत व्हते.

एकदा अडकलं. वढलं तर सुटलं. नुसता एक धागा आला.

"आलं?" मिश्रीलाल म्हणला.

"तू जरा तिकडं जाऊन बैल मोज."

"दोनच हायेत."

"मंग पुन्हा मोज."

पुन्हा घातलं. या बारीला टोक जरा कडंनं नेलं, खाली दाबलं, पीळ देला. जड लागलं. वर घेत घेत आणलं आन् तोंडाशी आल्यावर दोन बोटांनी धरलं. हात भाजला पण सोडलं न्हाई. चांगलं हातभर फडकं, दुहेरी. ते बाहेर आलं आन् लगोलग रेडेटरच्या तोंडातलं पाणी खाली गेलं, मोरीचा बोळा काढल्यावानी गडगडत.

मंग बादली, मंग दुसरी बादली. ही तहानलेली बया सगळं पीत गेली. मी हळूहळू वतत व्हतो आन् मनात म्हणत व्हतो, लोखंड तडकू देऊ नको. तवर मिश्रीलालच्या खिशातलं घड्याळ चारदा बाहेर आलं. पेट्रोलच्या नळीला मी माझा रुमाल वला करून गुंडाळला. हँडल मारलं. फुस्स. पुन्हा मारलं. फुस्स. तिसऱ्याला रखमाजी म्हणला, सरका, आन् मोट वढणाऱ्या दंडानं असं फिरवलं का मोटार धडधडून उठली. दोन उचक्या देल्या, मंग एका सुरात बोलू लागली. खालचा नळ हातानं पाह्यला. कोमट झाला व्हता. आयुष्यात कोमट नळाचा एवढा आनंद कुणाला झाला नसंल.

साळूबाईनं सायरबाईला उचलूनच आत बसवलं. वली चिंधी त्यांच्या डोक्यावर ठेवली. "पोचा बाई," म्हणली. "बोलून घ्या."

रखमाजी माझ्या खिडकीशी आला. "तहसीलदाराला सांगा, हिरीला पाणी कमी हाय."

वाटूर मागं टाकलं, मंठ्याचा रस्ता धरला. चढ आला का कान विंजनाकडं, उतार आला का कान मागं. मागच्या शिटावरचा श्वास ऐकू यायचा तवर ठीक. एकदा ऐकूच येईना. मी मुद्दाम चाक खड्ड्यात घातलं. मागून माळ खाली पडल्याचा आवाज आला, आन् ती उचलल्याचा. मंग माझा जीव खाली बसला.

मंठ्याला गल्लीच्या तोंडाशीच लोक उभे दिसले, पांढऱ्या पागोट्यातले. मला वाटलं झालं. मोटार थांबवली तशी मिश्रीलालचा मावसभाऊ लालचंद पुढं आला. त्याच्या तोंडाकडं पाहायची हिंमत होईना.

"हाय," तो म्हणला. "पण बोलत न्हाई आता. सकाळपासून डोळा बी उघडला न्हाई."

मिश्रीलालला दारातच मोठ्या माणसांनी धरलं, हे कसं झालं, कव्हा निघाले. सायरबाईला उभं राह्यता येईना. मंग मीच धरलं, पायताण बाहेर काढलं आन् भिंतीभिंतीनं आत नेलं. ओसरीवर बायका नवकार मंत्र म्हणून राह्यल्या व्हत्या. त्यांच्या मधी सतरंजीवर पानबाई. एवढीशी झालेली. मी तिला त्या लग्नात पाह्यलेलं, तवा मांडव हालवणारी बाई.

सायरबाई तिच्या उशाशी बसल्या. हात जोडले. तोंड उघडलं.

आवाजच निघंना. कालपासून पाणी न्हाई, घसा असा सुकलेला का नुसती हवा. व्हट हालले, पुन्हा हालले. बायका म्हणायच्या थांबल्या. मला वाटलं, हिच्या घशात काय तारंचा आकडा घालता येत न्हाई.

पानबाईनं डोळे उघडले. लई वेळ पाह्यत राह्यली. वळखलं का न्हाई तेच कळंना. मंग अशा आवाजात का मी दोन हातांवर असून मला वाकावं लागलं, ती म्हणली, "मोडो आई."

म्हणजे उशीर केलास.

आन् सायरबाईच्या घशातून आवाज फुटला. "मोटर गरम हुयगी ही, जीजी."

मोटार तापली व्हती, एवढं म्हणून झालं आन् त्यांनी सोत्ताच तोंडावर हात ठेवला. एवढा जपून आणलेला पह्यला शब्द. पानबाईचे व्हट जरासे वाकडे झाले. हासली म्हणायचं का न्हाई, मला ठावं न्हाई. पण तिनं बोटं हालवली, आन् सायरबाईनं ती दोन्ही हातात धरली. मंग माफी मागत खमाऊं सा, खमाऊं सा, किती बारी म्हणल्या त्याला गणती न्हाई. पानबाईनं डोळे मिटून मान एकदा खाली केली. मंग सुनेकडं पाह्यलं. सुनंनं वाटीत पाणी आणून सायरबाईपुढं धरलं, आन् पानबाई त्यांचा घोट उतरंपर्यंत पाह्यत राह्यली.

मी बाहेर आलो. मोटारीच्या फूटबोर्डावर बसलो. भाजलेलं मनगट आता ठणकू लागलं व्हतं. तेवढ्यात मिश्रीलाल लोकांतून सुटून धावतच आला.

"बोलली? माय बोलली मावशीपाशी?"

"बोलली."

"काय म्हणली? पह्यला शब्द काय निघाला?"

"म्हणली, मोटर गरम हुयगी ही."

त्यानं माझ्याकडं पाह्यलं. डोळे भरलेले व्हते त्याचे. "भुजंग," तो म्हणला, "आजच्या दिशी तरी मस्करी करू नको रे," आन् आत पळाला.